धावत्याला थांबविणारा प्रकाश

उन्हाळ्याच्या दुपारी छताचा पंखा वेगाने फिरत असतो. त्याला तीन पाती आहेत, हे घरातील लहानमोठ्या सर्वांना ठाऊक असते; परंतु डोळ्यांना ती तीन पाती दिसत नाहीत. दिसते ते केवळ एक धूसर वर्तुळ. अंधाऱ्या खोलीत पेटती उदबत्ती गरगर फिरविली, तर तिच्या टोकाशी असलेला निखारा दिसत नाही. हवेत तांबडे कडे रेखल्याचा भास होतो. जुन्या संस्कृत ग्रंथकारांना हा चमत्कार चांगला परिचित होता. फिरत्या कोलिताच्या या भासमान वर्तुळाला त्यांनी ‘अलातचक्र’ असे नाव दिले, आणि जे दिसते ते सर्वच खरे असते असे नव्हे, हे पटवून देण्यासाठी त्याचा दृष्टान्त वापरला.

हा भास होण्याचे कारण मनुष्याच्या डोळ्यांतच आहे. डोळ्यांसमोरील वस्तू नाहीशी झाली, तरी तिचा ठसा लगेच पुसला जात नाही. सेकंदाच्या एका लहानशा अंशापर्यंत तो टिकून राहतो. पहिला ठसा पुसला जाण्यापूर्वीच दुसरा उमटतो, दुसऱ्यावर तिसरा उमटतो, आणि सगळे ठसे एकमेकांत मिसळून जातात. यालाच दृष्टिसातत्य असे म्हणतात. पाटीवरील एक अक्षर न पुसता त्यावरच दुसरे आणि तिसरे अक्षर लिहिले, तर जो गोंधळ होईल, तसाच हा प्रकार होय.

मग वेगाने फिरणारी वस्तू स्पष्ट दिसावी, यासाठी काय करावे? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. तिच्याकडे सतत पाहू नये. अगदी क्षणभर पाहावे, मग डोळे मिटावे, आणि ती पुन्हा त्याच जागी आली की पुन्हा क्षणभर पाहावे. एखादे चाक सेकंदाला दहा फेरे घेत आहे, आणि पाहणाराही सेकंदाला बरोबर दहा वेळाच त्याच्याकडे पाहत आहे, असे समजा. प्रत्येक वेळी चाकाचा एक फेरा पूर्ण झालेला असेल, आणि प्रत्येक आरा आपल्या पूर्वीच्याच जागी असेल. त्यामुळे चाक स्तब्ध उभे आहे, असे वाटेल. पाहण्याचा वेग किंचित कमी केला, तर दोन दर्शनांच्या दरम्यान चाक एका फेऱ्याहून थोडे अधिक फिरेल, आणि ते मंद गतीने पुढे सरकताना दिसेल. पाहण्याचा वेग किंचित वाढविला, तर चाकाचा फेरा थोडा अपुरा राहील, आणि ते चक्क उलटे फिरताना दिसेल! चित्रपटातील टांग्याची चाके कधी कधी मागे फिरताना दिसतात, त्याचे रहस्य हेच होय.

परंतु डोळ्यांच्या पापण्या इतक्या वेगाने उघडमीट करू शकत नाहीत. ही अडचण १८३२ साली दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांस नकळत दूर केली. बेल्जियममधील जोसेफ प्लॅतो आणि व्हिएन्ना येथील सायमन स्टँफर हे ते दोघे होत. त्यांनी कडेला फटी पाडलेली तबकडी बनविली. तबकडी फिरू लागली की एकेक फट डोळ्यांसमोरून जाई, आणि तेवढ्यापुरतेच पलीकडचे दृश्य दिसे. पुढे अशा साधनांना ‘स्ट्रोबोस्कोप’ हे नाव रूढ झाले. ‘स्ट्रोबोस’ म्हणजे गरगर फिरणे आणि ‘स्कोपीन’ म्हणजे पाहणे, अशा दोन ग्रीक शब्दांपासून ते सिद्ध झाले आहे.

अशी तबकडी कोणालाही घरी बनविता येते. जाड पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून ते कापावे. त्याच्या कडेला सारख्या अंतरावर आठ फटी पाडाव्या. प्रत्येक फट ३ सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद असावी. तबकडीच्या मध्यातून टाचणी घालून ती एका काठीच्या टोकाला सैलसर बसवावी, म्हणजे बोटाने ढकलताच ती सहज फिरेल. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ती धरून, एक डोळा मिटून, फटींमधून छताच्या पंख्याकडे पाहावे. पंखा मिनिटाला ३२० फेरे घेत असेल, तर एका पात्याची जागा दुसरे पाते सेकंदाला १६ वेळा घेते. तबकडी सेकंदाला दोन फेरे या गतीने फिरविली, की तिच्या आठ फटींमधून सेकंदाला १६ वेळा दर्शन घडते. अशा वेळी धूसर वर्तुळ नाहीसे होऊन तीन पाती स्पष्ट दिसू लागतात. या साधनात ना वीज, ना तार.

तबकडी फिरविण्याऐवजी प्रकाशच क्षणभर पाडला तर? खोलीत अंधार असेल आणि दिवा क्षणभरच लुकलुकत असेल, तर डोळा सताड उघडा असूनही त्याला तेवढाच क्षण दिसेल. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा प्रयोग करून दाखविला. त्याने एका चाकावर वर्तमानपत्राचा छापील कागद चिकटविला, चाक वेगाने फिरविले आणि अंधारात विजेची एक ठिणगी पाडून छायाचित्र घेतले. चाक फिरत असूनही कागदावरील अक्षरे त्या छायाचित्रात वाचता येत होती.

या कल्पनेला खरे सामर्थ्य प्राप्त करून दिले ते हॅरल्ड एजर्टन या अमेरिकन अभियंत्याने. त्याचा जन्म १९०३ साली नेब्रास्का राज्यात झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत तो विजेच्या मोटारींचा अभ्यास करीत होता. भार एकाएकी बदलला म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाचे काय होते, हे त्याला पाहावयाचे होते. पण तो भाग डोळ्यांना दिसतच नसे. तेव्हा मोटारीच्या गतीशी जुळणारा लुकलुकता प्रकाश पाडून त्याने तो भाग जणू थांबविला. १९३१ च्या सुमारास त्याने तयार केलेल्या दिव्याची प्रत्येक चमक सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरतीच टिके. पुढे अशाच चमकांच्या प्रकाशात त्याने अनेक अद्भुत छायाचित्रे घेतली. दुधाच्या थेंबाने दुधावर आपटून उभारलेला इवलासा मुकुट १९५७ साली, आणि सफरचंद भेदून बाहेर पडणारी बंदुकीची गोळी १९६४ साली त्याने टिपली. सृष्टीत हे सर्व पूर्वीपासून घडतच होते. मनुष्याला ते दिसत मात्र नव्हते.

एजर्टनच्या दिव्याची मूळ रचना आजही अनेक कॅमेऱ्यांच्या फ्लॅशमध्ये आढळते. काचेच्या एका नळीत झेनॉन नावाचा वायू भरलेला असतो. नळीच्या दोन टोकांना कपॅसिटर जोडलेला असतो. जुने कारागीर त्याला कंडेन्सर असेही म्हणतात. कपॅसिटर हा विजेचा हौद होय. बारीक नळाने हौद हळूहळू भरावा आणि एकदम दार उघडून तो क्षणात रिता करावा, तसे त्याचे काम चालते. लहानशा सेलातील वीज एका मंडलाच्या साहाय्याने सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढविली जाते आणि हौदात साठविली जाते. मग काही हजार व्होल्टचा एक झटका नळीला दिला जातो, वायू विद्युद्वाहक बनतो, आणि हौदातील सारी वीज एका क्षणात त्यातून धावून लख्ख प्रकाश पडतो.

येथेच सावध होण्याची आवश्यकता आहे. बिघडलेला फ्लॅश खोलून पाहावा, त्यातील नळी काढून आपला दिवा बनवावा, असा मोह जिज्ञासू मुलांना होणे स्वाभाविक आहे. सेल काढून टाकले की आत वीज उरली नाही, असे त्यांना वाटते. परंतु नळ बंद केल्याने हौद रिता होत नाही. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बराच काळ वीज साठलेली राहते. १०० मायक्रोफॅरड क्षमतेच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टला साठणारी ऊर्जा एक किलोग्रॅमचे वजन सुमारे हातभर वर उचलण्यास पुरेशी असते. ती शरीरातून क्षणार्धात गेली, तर तीव्र धक्का बसतो आणि कातडी भाजते. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडताना तिचा मार्ग छातीतून, म्हणजे हृदयाजवळून जातो. अशा वेळी प्राणावरही बेतू शकते. म्हणून जाणते कारागीरसुद्धा अशा उपकरणाची तपासणी करताना एक हात दूर ठेवतात, आणि प्रथम योग्य रेझिस्टर जोडून कपॅसिटर रिता करून घेतात. झेनॉनची नळी, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि घरातील भिंतीवरचा प्लग ही तिन्ही या प्रयोगासाठी सर्वथा वर्ज्य होत.

सुदैवाने हे तिन्ही टाळून स्ट्रोबोस्कोप बनविता येतो. यासाठी ९ व्होल्टची एक बॅटरी पुरते. नळीच्या जागी पांढरा एलईडी दिवा घ्यावा. तो क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो. त्याची उघडमीट करण्याचे काम ‘५५५’ या क्रमांकाच्या टायमरकडे सोपवावे. हान्स कामेनत्सिंट या स्विस अभियंत्याने १९७१ साली त्याची रचना केली. हा टायमर म्हणजे आठ पायांचा एक काळा इवलासा ठोकळा असतो. याखेरीज १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ किलोओहम, १० किलोओहम आणि ४७० ओहम यांचा प्रत्येकी एक रेझिस्टर, कळ फिरवून कमीअधिक करता येणारा २२ किलोओहमचा एक रेझिस्टर, ब्रेडबोर्ड आणि जोडतारा एवढे साहित्य लागते. ब्रेडबोर्डावर तारा नुसत्या खोचावयाच्या असल्यामुळे तापलेल्या कावियाने डाग देण्याचेही कारण पडत नाही.

ठोकळ्यावरील खाच वर येईल असा तो धरला, म्हणजे डाव्या बाजूस वरून खाली पहिला ते चौथा आणि उजव्या बाजूस खालून वर पाचवा ते आठवा, असा पायांचा क्रम असतो. पहिला पाय बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावा. चौथा आणि आठवा हे पाय धन टोकाला जोडावे. दुसरा आणि सहावा पाय एकमेकांना जोडावे. धन टोकापासून सातव्या पायापर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि कळीचा रेझिस्टर एकापुढे एक जोडावे. सातव्या आणि सहाव्या पायांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर बसवावा. सहाव्या पायापासून ऋण टोकापर्यंत कपॅसिटर जोडावा. त्याच्यावर ऋण खूण असेल, तर ती बाजू ऋण टोकाकडे ठेवावी. शेवटी धन टोकापासून ४७० ओहमचा रेझिस्टर घेऊन त्याला एलईडीचा लांब पाय जोडावा आणि आखूड पाय ठोकळ्याच्या तिसऱ्या पायाला जोडावा. पाचवा पाय मोकळा राहू द्यावा. सर्व जोडण्या दोनदा तपासल्यावर, आणि शक्यतो शिक्षकांना अथवा घरातील जाणत्या माणसाला दाखविल्यावर, बॅटरी लावावी.

या मंडलातही एक हौद आहेच. परंतु तो लहान आहे, आणि त्यात कधीही ९ व्होल्टहून अधिक दाब साठत नाही. १० किलोओहम आणि कळ यांच्या वाटेने तो सावकाश भरतो, आणि १ किलोओहमच्या वाटेने झटकन रिता होतो. तो रिता होत असतानाच एलईडी पेटतो. म्हणून प्रत्येक चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. चमकांचा वेग काढण्याची रीत सोपी आहे. १० आणि कळीचे किलोओहम यांच्या बेरजेत २ मिळवावे आणि त्या संख्येने १४४० ला भागावे. कळ शून्यावर असेल, तर १४४० भागिले १२, म्हणजे सेकंदाला १२० चमका होतात. कळ १२ वर असेल, तर ६० होतात. आणि २२ वर, म्हणजे शेवटास नेली, तर सुमारे ४२ होतात.

कळ याहून मोठी का घेऊ नये, असा प्रश्न कोणी विचारील. चमका अगदी सावकाश पडल्या, तर त्या अधिक गमतीच्या दिसतील हे खरे. पण त्यात एक गंभीर धोका आहे. काही थोड्या माणसांचा मेंदू लुकलुकत्या प्रकाशाने विचलित होतो आणि त्यांना अपस्माराचा, म्हणजे फिटचा, झटका येतो. सेकंदाला सुमारे ३ ते ३० या वेगाची लुकलुक याबाबतीत सर्वांत अधिक घातक असते. आपल्याला हा त्रास आहे, हे पुष्कळांना पहिला झटका येईपर्यंत ठाऊकही नसते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये मुलांसाठी असलेली एक लोकप्रिय चित्रमालिका दूरचित्रवाणीवर चालू होती. त्यातील एका प्रसंगात तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा, काही सेकंदपर्यंत लखलखला. त्या संध्याकाळी सहाशेंहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ही मुले निरोगी दिसत होती आणि आपल्या घरी स्वस्थ बसून चित्रे पाहत होती.

म्हणूनच वर सांगितलेल्या मंडलात १० किलोओहमचा रेझिस्टर आणि २२ किलोओहमची कळ विचारपूर्वक योजिली आहे. कळ कशीही फिरविली, तरी चमकांचा वेग त्या घातक मर्यादेच्या वरच राहतो. तथापि काही जणांना याहून अधिक वेगाच्या लुकलुकीनेही त्रास होतो. ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या घरी कोणाला फिट येतात, त्याने हा प्रयोग पाहू नये. फटींच्या तबकडीतूनही पाहू नये. इतरांनीही दिव्याकडे सरळ न पाहता तो वस्तूवर रोखावा, थोडा वेळ पाहून विश्रांती घ्यावी, आणि चक्कर किंवा मळमळ वाटताच प्रयोग बंद करावा. कोणी पाहणार असेल, त्याला आधी सांगावे आणि मगच दिवा लावावा.

आता त्या दिव्याची कसोटी पाहावी. खेळण्यातील लहान मोटारीच्या आसावर हलक्या कागदाची काळी चकती बसवावी आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंत एक पांढरी रेघ ओढावी. खोलीत अंधार करून मोटार एका सेलावर सुरू करावी आणि चकतीवर दिव्याचा झोत टाकावा. कळ सावकाश फिरवू लागताच रेघ उलटी धावते, मग मंदावते, आणि एका ठिकाणी निश्चल उभी राहते. कळ १२ वर असताना ती एकटीच उभी राहिली, आणि त्याहून अधिक वेगाने चमका पाडल्या असता पुन्हा कोठेही तशी एकटी उभी राहिली नाही, तर मोटार सेकंदाला ६० म्हणजे मिनिटाला ३६०० फेरे घेत आहे, असे समजावे. मोटारीला स्पर्शही न करता तिचा वेग मोजला गेला! गळ्याचे डॉक्टर याच रीतीने बोलताना थरथरणाऱ्या स्वरतंतूंची हालचाल पाहतात, आणि फिरत्या यंत्रांचे दोषही याच रीतीने हुडकले जातात.

मात्र रेघ थांबलेली दिसत असताना तिला बोट लावण्याची इच्छा झाली, तर ती आवरली पाहिजे. थांबला आहे तो केवळ देखावा. चकती पूर्वीच्याच वेगाने फिरत आहे. कागदाच्या चकतीने फार तर बोट कापेल. परंतु कारखान्यात याच भासाने माणूस जायबंदी होऊ शकतो. आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. त्यामुळे चोक असलेली साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होते. लेथचा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका जबड्याची जागा दुसरा जबडा सेकंदाला बरोबर १०० वेळा घेतो. अशा प्रकाशात तो चक संथ किंवा थांबलेला भासू शकतो. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारचे दिवे विजेच्या निरनिराळ्या फेजवर जोडण्याची पद्धत पडली, म्हणजे एक दिवा मंदावतो तेव्हा दुसरा प्रखर असतो. शहाणा कामगार यंत्र थांबले की नाही, हे डोळ्यांनी ठरवीत नाही. तो आधी स्विच बंद करतो, कान देतो, वाट पाहतो, आणि मगच हात पुढे करतो.

स्ट्रोबोस्कोपने मनुष्याच्या दृष्टीला नवे बळ दिले. जे वेगामुळे अदृश्य होते, ते त्याने दृश्य केले. पण तेच साधन आणखी एक गोष्ट शिकविते. दिवा विझलेला असला, तरी हौद भरलेला असू शकतो. चाक थांबलेले दिसले, तरी ते धावत असू शकते. अलातचक्राचा दृष्टान्त देणाऱ्या ग्रंथकारांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. डोळ्यांनी पाहावे, परंतु बुद्धीने पडताळून मगच हात घालावा, हा शास्त्राचा पहिला नियम होय. आणि जो तो पाळतो, त्यालाच प्रयोगाचा आनंद निर्भयपणे लुटता येतो.